हेल्मेट आणि सक्ती

मराठी वर्तमानपत्रांत हेल्मेट हा शब्द एकटा क्वचितच येतो. त्याला बहुतेक वेळा 'सक्ती' चिकटलेली असते आणि दोन्ही मिळून एकच शब्द होतो : हेल्मेटसक्ती. हिंदीत हेच सांगताना 'हेलमेट अनिवार्य' म्हणतात. अनिवार्य म्हणजे जे टाळता येत नाही ते. टाळू न देणारा माणूस त्या शब्दात दिसत नाही. 'सक्ती'त मात्र तो दंडुका घेऊन उभा असतो. शब्द फारसीतून आलेला, मूळ अर्थ कठीणपणा, कडकपणा. सक्तमजुरी त्याच कुळातली. दिल्लीच्या 'ईडी'चे मराठी नावही सक्तवसुली संचालनालय असे आहे. भाषांतर करताना 'हेल्मेटसक्ती'पाशी मला दर वेळी थांबावे लागते. 'मॅन्डेटरी हेल्मेट' असे लिहिले की नियम पोचतो, चीड पोचत नाही.

या चिडीचा इतिहास वेगळा आणि डोक्यावर चढवायच्या वस्तूचा इतिहास वेगळा. दोन्ही शेजारी ठेवून वाचले, तर आपण इतकी वर्षे नेमके कशावर भांडत आलो हे जरा स्पष्ट होते.

आधी वस्तू. मोटारसायकलस्वाराचे हेल्मेट विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झाले. ब्रुकलँड्स या शर्यतीच्या मैदानावर काम करणारे डॉक्टर एरिक गार्डनर डोके फुटलेले स्वार पाहत होते. त्यांनी कॅनव्हासवर शेलॅकचे थर चढवून एक टणक टोपी करवून घेतली. शेलॅक म्हणजे आपली लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी, आणि त्या काळी मुख्यतः हिंदुस्थानातून जगभर जाणारी. १९१४ च्या आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत हेल्मेट आवश्यक ठरले. तेव्हा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वस्तू हाताशी होती. पण ती शर्यतवाल्यांची राहिली. रस्त्यावरच्या स्वाराला तिची गरज आहे असे कोणाला वाटायला आणखी दोन दशके लागली, आणि त्याला एक प्रसिद्ध मृत्यू कारण झाला.

१३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमधल्या आपल्या घराजवळ टी. ई. लॉरेन्स ब्रफ सुपिरियर मोटारसायकलवरून जात होता. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जग त्याला ओळखते. भाषांतरकारांना तो होमरच्या 'ओडिसी'च्या इंग्रजी गद्य भाषांतराचा कर्ता म्हणूनही माहीत असतो. समोर सायकलवर दोन मुलगे आले, त्यांना चुकवताना तो फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवस बेशुद्धीत काढून १९ मे रोजी तो गेला. त्याला तपासायला बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे तरुण शल्यविशारद होते. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पुढे ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झालेले.

लॉरेन्सच्या मृत्यूची कहाणी इथे बऱ्याचदा संपवली जाते : थोर माणूस गेला, डॉक्टर हेलावले, हेल्मेट आले. प्रत्यक्षात केर्न्स यांनी केले ते हेलावण्यापेक्षा कष्टाचे आणि कंटाळवाणे काम होते. ते मोजत बसले. दुसरे महायुद्ध सुरू झाले, रात्री दिवे झाकून गाड्या चालू लागल्या, संदेश पोचवणारे लष्करी स्वार अंधारात धडाधड पडू लागले. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक मेले, ही संख्या केर्न्स यांनी ऑक्टोबर १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडली. मृत्यूचे सर्वांत मोठे कारण डोक्याची इजा. हेल्मेट घातलेले जखमी त्यांना फक्त सात मिळाले, आणि ते सातही वाचले होते. सात हा आकडा काही सिद्ध करायला लहान आहे, तरी पुढची पावले पडायला तो पुरला. नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश लष्कराने कामावरच्या आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट आवश्यक केले. १९४६ मध्ये केर्न्स यांनी सगळ्या युद्धकाळाचा महिनावार हिशेब प्रसिद्ध केला. त्यात हुकुमानंतर मृत्यूंची रेघ खाली येताना दिसते.

या हुकुमाकडे जरा थांबून पाहायला हवे. तोही सक्तीच होता, आणि लष्करी सक्तीहून कडक सक्ती कोणती? पण ज्याने हुकूम दिला त्यानेच हेल्मेट दिले. दुकानातून कोणते घ्यावे, खरे कोणते आणि खोटे कोणते, ही चिंता स्वाराची नव्हती. हुकूम आणि जबाबदारी एकाच हातात होती.

नागरिकांच्या बाबतीत हे जमणे अवघड होते. ब्रिटनमध्ये सर्व मोटारसायकलस्वारांसाठी कायदा आला तो १ जून १९७३ रोजी, केर्न्स यांच्या अहवालानंतर जवळजवळ बत्तीस वर्षांनी. ते स्वतः १९५२ मध्येच वारले होते. संसदेत विरोध करणाऱ्यांत ईनक पॉवेल होते, स्थलांतरितांविरुद्धच्या भाषणामुळे कुप्रसिद्ध झालेले. त्यांचा मुद्दा स्वातंत्र्याचा होता : माणूस स्वतःलाच धोका पत्करत असेल, तर राज्याने मध्ये का पडावे? गंमत अशी की या कायद्याविरुद्धची सर्वांत मोठी लढाई ज्यांनी लढली आणि जिंकली, ते स्थलांतरित शीख होते. दस्तार उतरवून हेल्मेट घालणे त्यांना मान्य नव्हते. दोन महायुद्धांत शीख सैनिक पगडी बांधूनच ब्रिटनसाठी लढले, ही आठवण त्यांनी करून दिली. साउथॉलचे खासदार सिडनी बिडवेल यांनी मांडलेल्या विधेयकातून १९७६ मध्ये पगडीधारी शिखांना सूट मिळाली.

मग फ्रेड हिल. निवृत्त गणितशिक्षक, डोक्यावर बेरे टोपी घालून मोटारसायकल चालवणारे. दंड भरायचा नाही, तुरुंगात जायचे, सुटून पुन्हा तसेच निघायचे, असा त्यांचा शिरस्ता. १० फेब्रुवारी १९८४ रोजी पेंटनव्हिल तुरुंगात हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. अपघात नाही, डोक्याला इजा नाही. सक्तीला नकार देता देता मृत्यू. केर्न्स यांच्या तक्त्यांत या मृत्यूला रकाना नाही. हेल्मेटच्या इतिहासात मात्र त्याला जागा द्यावी लागते, कारण काही माणसांना विरोध खरोखरच वस्तूचा नसतो.

भारतात हा सगळा वाद आधी न्यायालयात आणि मग रस्त्यावर, वेगवेगळ्या भाषांत झाला. आंध्र प्रदेशाच्या मोटार वाहन नियमांतल्या हेल्मेटच्या अटीला आव्हान देण्यात आले. समता, संचार आणि जीविताचे मूलभूत हक्क पुढे केले गेले. अजय कानू विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आव्हान फेटाळले. त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्यात कलम १२९ आले : चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनीही हेल्मेट घालावे, पगडी बांधलेल्या शिखांना सूट. राज्यांना आणखी सवलती देण्याची मुभा होती. दिल्लीने ती स्त्रियांच्या बाबतीत वापरली. शीख संघटनांचा आक्षेप शीख स्त्रियांपुरता होता, पण सवलत सगळ्याच स्त्रियांना मिळाली आणि २०१४ पर्यंत टिकली. त्या काळात पुढचा पुरुष हेल्मेट घालून आणि मागची बाई ओढणी सावरत, हे राजधानीचे कायदेशीर दृश्य होते.

महाराष्ट्रात या वादाचे केंद्र पुणे. हे शहर एके काळी सायकलींचे, मग स्कूटर आणि लुनाचे. आकुर्डीत बजाजचा कारखाना, लुनाही इथलीच. २०१६ मध्ये परिवहनमंत्र्यांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही अशी घोषणा केली, ती टिकली नाही. १ जानेवारी २०१९ पासून पुणे पोलिसांनी कारवाई कडक केली, तेव्हा विरोधी कृती समितीने दुचाकींचा मोर्चा काढला. काहींच्या डोक्यावर पुणेरी पगडी होती. त्यांची तक्रार निव्वळ हट्टाची नव्हती. पेठांतल्या गर्दीत गाडी वेग घेतच नाही, खड्डे जसेच्या तसे, मान दुखते, हेल्मेट ठेवायचे कुठे, आणि दंडाची पावती मात्र तत्पर. या सगळ्याचा सारांश एका वाक्यात होता : आमचा विरोध हेल्मेटला नाही, सक्तीला आहे.

मराठी वाचणाऱ्याला हे वाक्य ओळखीचे वाटले पाहिजे. त्याचा साचा पुण्यातच, १८९०-९१ मध्ये, संमतिवयाच्या वादात घडला. विवाहितेच्या बाबतीतही संमतीचे वय दहावरून बारा करणारा कायदा सरकार आणत होते. टिळकांचा विरोध सुधारणेला नव्हता, निदान त्यांची मांडणी तशी होती; परक्या सरकारने कायद्याने ती लादण्याला होता. मुलींचे लग्न सोळाच्या आधी आणि मुलांचे विसाच्या आधी करू नये, असे नियम त्यांनीच सुचवले होते, फक्त ते स्वेच्छेने मान्य करणाऱ्यांना बांधील असावेत. आगरकर 'सुधारक'मधून कायद्याच्या बाजूने लिहीत होते. कायदा मार्च १८९१ मध्ये झाला.

दोन्ही प्रसंग एका मापाचे नाहीत, आणि ते तसे करण्यात अर्थ नाही. १८९१ चे सरकार परके होते, १९८८ चा कायदा आपल्या संसदेचा आहे. पण साचा एकच असल्यामुळे त्यातली फटही एकाच जागी आहे. 'सुधारणा हवी, सक्ती नको' हे बोलणारा स्वतःच्या देहाविषयी, स्वतःच्या घराविषयी बोलत असल्यासारखा बोलतो. १८९१ मध्ये ज्या दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या देहाविषयी बोलणे चालले होते, ती सभेत नव्हती. 'माझे डोके, माझा प्रश्न' म्हणतानाही दुचाकीवरचे दुसरे डोके हिशेबातून सुटते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये रस्ते-अपघातांत मेलेल्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. त्यांत १४,३३७ मागे बसलेले होते. वेग त्यांच्या हातात नव्हता, ब्रेक नव्हता. घरात हेल्मेट एकच असेल, तर ते कोणाच्या डोक्यावर जाते हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

म्हणून पॉवेल यांचा प्रश्न, माणूस स्वतःलाच धोका पत्करत असेल तर, 'तर' पाशीच अडखळतो. पण पुणेकरांच्या तक्रारीतला एक भाग त्यानंतरही उभा राहतो : सक्ती आमच्यावरच का? इथे इतिहास त्यांच्या बाजूने आहे. स्वाराला हेल्मेट बंधनकारक करणारे कलम १९८८ चे. भारतीय मानकाबाहेरची हेल्मेट बनवायला आणि विकायला देशभर बंदी लागू झाली १ जून २०२१ रोजी. मधली तीस-बत्तीस वर्षे रस्त्याकडेला दोरीला टांगलेली, आतून पोकळ टोपली विकत घेऊन लोक दंड चुकवत राहिले. कायद्याने डोके धरले, कारखाना मोकळा सोडला. १९४१ च्या ब्रिटिश लष्करी हुकुमात जे एकत्र होते ते इथे तुटले.

'सक्ती' या शब्दाला दुसरा इतिहासही आहे, आणि तो मराठीतच आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तसेच विधेयक मांडले आणि ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचे आणि मोफत शिक्षण आणले. या परंपरेत 'सक्ती' ही मागणी आहे. २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या मराठी नावात 'मोफत', 'सक्ती' आणि 'हक्क' हे तिन्ही शब्द शेजारी बसले आहेत, आणि कोणाला ते खटकत नाही. त्या कायद्याच्या आठव्या कलमात सक्तीच्या शिक्षणाचा अर्थ दिला आहे : शिक्षण पुरवणे, प्रवेश आणि हजेरी यांची खात्री करणे हे शासनाचे बंधन. म्हणजे तिथे सक्ती आधी सरकारवर आहे.

हाच अर्थ हेल्मेटला लावून पाहावा. खड्डे बुजवण्याची सक्ती पालिकेवर, मानकाप्रमाणे माल देण्याची कारखानदारावर, गाडीबरोबर मागच्या माणसाचेही हेल्मेट देण्याची विक्रेत्यावर, आणि ते घालण्याची आपल्यावर. यातली शेवटची सक्ती बाकीच्या पूर्ण होईपर्यंत थांबवावी, असे मात्र म्हणता येत नाही. डोके त्याआधीच आपटते, आणि बऱ्याचदा ते मागे बसलेल्याचे असते.