आईचा आजार आणि बाळाचे आरोग्य

मंडळी, ‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्या खेड्यापाड्यांतून सर्वांच्या तोंडी असते. सोयरीक जुळवताना ती ठीक आहे. पण एचआयव्हीची लागण झालेल्या आईच्या लेकराला ती लावली, की मोठा अन्याय होतो. आईला आहे, मग पोराला असणारच, असे आपण धरून चालतो. ही समजूत खोटी कशी ठरत गेली, तो इतिहास आज थोडक्यात पाहू.

आपल्या देशात ही लागण प्रथम १९८६ साली मद्रासला आढळली. तेव्हा औषध नव्हते. तरीही सगळ्या बाळांना लागण होत होती काय? मुळीच नाही. काहीच उपचार नसले, तर शंभरांतल्या १५ ते ४५ बाळांना ती होते. पोटात असताना, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. बाकीची मुक्तच राहतात. म्हणजे आपली म्हण पहिल्यापासूनच निम्म्याहून अधिक खोटी होती!

१९९४ साली अमेरिका व फ्रान्समधल्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरोदर आईला आणि नंतर बाळाला झिडोवुडिन हे औषध दिले, तेव्हा लागणीचे प्रमाण शंभरी सुमारे २५ वरून ८ वर आले. पण हा उपचार महागडा. गरिबाने काय करावे? त्याचे उत्तर १९९९ साली युगांडातून आले. कळा सुरू होताच आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला एक मात्रा. एवढ्यानेही लागण पुष्कळ कमी झाली. पुढे आपल्या सरकारी रुग्णालयांतही हा उपाय आला.

पुण्याच्या ससून रुग्णालयाचाही या कामात वाटा आहे. तिथे, तसेच इथिओपिया व युगांडात, अंगावर पिणाऱ्या बाळांना हेच औषध सहा आठवडे देऊन पाहिले. २००८ साली निष्कर्ष आले. सहाव्या आठवड्यापर्यंत नवी लागण जवळजवळ निम्मी झाली होती, पण सहाव्या महिन्यापर्यंत तो फरक बराच ओसरला. का बरे? औषध थांबले, दूध चालू राहिले. तात्पर्य काय, तर नुसते बाळाला औषध देऊन भागत नाही, आईलाच बरे ठेवले पाहिजे. २०१४ पासून आपल्याकडे प्रत्येक लागणग्रस्त गरोदर स्त्रीला जन्मभराचे औषध मोफत देण्याचे धोरण आले. ते वेळेवर सुरू झाले आणि नेमाने घेतले, तर शंभरांत पाचांहून कमी बाळांना लागण होते.

आता एक घोटाळा समजून घ्या. आईच्या रक्तातली प्रतिद्रव्ये बाळात उतरतात आणि दीड वर्षापर्यंत राहू शकतात. म्हणून साध्या तपासणीत निरोगी बाळही ‘बाधित’ दिसते. यासाठी सहाव्या आठवड्यात टाचेच्या रक्ताची वेगळी तपासणी करतात. शेवटचा निर्णय मात्र अंगावरचे दूध सुटल्यावर, दीड वर्षानंतरच. आपल्या भागातली माणसे ऊसतोडीला जातात आणि नेमकी मधली तपासणी हुकते. तेव्हा बाळाचे कार्ड बरोबर न्यावे आणि मुक्कामाजवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. पहिले सहा महिने अंगावरचे दूधच द्यावे. मध, घुटी, वरचे दूध असे सोबत काही देऊ नये, कारण अशा मिश्र आहाराने धोका वाढतो.

बरे, तपासणी स्वच्छ आली म्हणजे काम संपले काय? इथेच आपण चुकतो. लागण नसलेली ही मुलेही इतरांहून जास्त आजारी पडतात, हे अनेक देशांत दिसून आले आहे. न्यूमोनिया, जुलाब, वजन कमी, वाढ थोडी मागे. कारणे पाहावीत तर घरातलीच आहेत: आई आजारी, दूध लवकर तुटलेले, घरात क्षयाचा रोगी, कमावता माणूस गेलेला. आई औषधावर धडधाकट असली, लस व आहार वेळेवर मिळाला, तर ही मुले चांगली बाळसे धरतात. पण दवाखान्याच्या वहीतून नाव कमी झाले, की पुष्कळदा त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. ते पाहणे अंगणवाडीताईंचे, आशाताईंचे आणि गुरुजी, तुमचेही काम आहे.

आणखी एक दुखणे औषधाने जात नाही. औसा तालुक्यातील हासेगावला रवी बापटले यांनी २००७ साली बाधित मुलांसाठी ‘सेवालय’ उभारले. २००९ साली ती मुले गावच्या शाळेत आली, तेव्हा पालकांनी आपली मुले घरी ठेवली. एका बाकावर बसल्याने, एका ताटात जेवल्याने ही लागण होत नाही. जिथे बाधित मुलांच्या वाट्याला हे आले, तिथे नुसत्या आईच्या नावावरून निरोगी मुलालाही तेच भोगावे लागते. म्हणून २०१७ च्या कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, केवळ बाधितांनाच नव्हे, तर त्यांच्यासोबत राहणाऱ्यांनाही भेदभावापासून संरक्षण दिले. शाळेत प्रवेश नाकारणे हा त्याचा भंग होय.

कायदा दार उघडील, पण वर्गात जवळ बसवून घ्यायचे ते गुरुजींनीच. आईचा आजार चारचौघांत काढू नये, त्या मुलाला वेगळे बसवू नये. ते चार दिवस आले नाही, तर मात्र घरी चौकशी करावी. इतके झाले, तरी ती जुनी म्हण आपण या लेकरांपुरती कायमची खोटी पाडली, असे होईल.