ब्रोमीनचा सैल बंध: विमानातील आग आणि आकाशातील ओझोन

बंगळुरूच्या इंदिरानगरच्या दक्षिणेस एचएएलची जुनी धावपट्टी आहे. मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये तेथे ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ची स्थापना केली. त्या काळातील विमानविद्येपुढे एक बिकट प्रश्न होता: उडत्या विमानाच्या इंजिनाला लागलेली आग विझवायची कशाने?

उत्तराचा शोध ब्रोमीनच्या संयुगांपर्यंत पोहोचला. १८२६ मध्ये फ्रान्सच्या बालार यांनी हे मूलद्रव्य मिठागरातील खाऱ्या पाण्यातून मिळवल्याचे जाहीर केले होते. मिथेनॉलवर हायड्रोजन ब्रोमाइडची क्रिया केली की मिथिल ब्रोमाइड तयार होते. त्याचा उत्कलनबिंदू अवघा ३.६ अंश सेल्सिअस. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश विमानांत ते आग विझवण्यासाठी वापरले जाई. पण ते चेतासंस्थेला घातक होते. युद्धानंतर अमेरिकेत पर्ड्यू येथील संशोधकांनी साठहून अधिक संयुगे तपासली. या प्रयत्नांतून पुढे आलेले एक संयुग म्हणजे ब्रोमोट्रायफ्लुओरोमिथेन, अर्थात ‘हॅलॉन १३०१’. या आकड्यातच त्याची घडण आहे: एक कार्बन, तीन फ्लुओरीन, शून्य क्लोरीन, एक ब्रोमीन. उच्च तापमानाला फ्लुओरोफॉर्म व ब्रोमीन यांच्या अभिक्रियेतून ते मिळते.

या रेणूत कार्बन-फ्लुओरीन बंध भक्कम आहेत. कार्बन-ब्रोमीन बंध मात्र त्यांच्या तुलनेत सैल. ज्वालेत तो तुटतो. मुक्त झालेला ब्रोमीन ज्वालेची शृंखला चालवणारे हायड्रोजनचे अणू टिपतो आणि स्वतः पुन्हा मोकळा होतो. म्हणूनच अल्प मात्रेत आग विझते आणि माणसालाही फारसा अपाय होत नाही.

परंतु जो गुण ज्वालेत तारक, तोच आकाशात मारक ठरला. हे स्थिर संयुग खालच्या हवेत विघटित न होता स्थितांबरात पोहोचते. तेथे अतिनील किरणांनी तोच सैल बंध तुटतो आणि मोकळा ब्रोमीन ओझोनचे रेणू एकामागून एक नष्ट करतो. याबाबत ब्रोमीनचा एक अणू क्लोरीनच्या अणूपेक्षा सुमारे साठपट प्रभावी असतो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात सीएफसी-११ ची ओझोननाशक क्षमता १ धरली गेली. हॅलॉन १३०१ ची १०.

विकसित देशांनी १९९४ पासून हॅलॉनचे उत्पादन थांबवले. १९९२ मध्ये करारात सामील झालेल्या भारतासह विकसनशील देशांसाठी २०१० ही मुदत होती. तरीही अनेक विमानांच्या इंजिनांत व मालकक्षांत हॅलॉन टिकून आहे. जुना साठा शुद्ध करून पुन्हा वापरला जातो.

विमानातील हातात धरण्याच्या अग्निशामकांसाठी आता एक पर्याय उपलब्ध आहे: ब्रोमोट्रायफ्लुओरोप्रोपीन. त्यातही ब्रोमीन आहेच. पण कार्बनच्या दुहेरी बंधामुळे ते खालच्या हवेतच काही दिवसांत विघटित होते. ब्रोमीनला हद्दपार करण्याची गरज नव्हती. त्याला वाहून नेणारा रेणू अल्पायुषी असणे पुरेसे होते. इंजिन व मालकक्ष यांसाठी असाच सर्वमान्य पर्याय शोधणे, हे या इतिहासाचे अजून अपुरे राहिलेले पान आहे.