वर्णलेखनाचा जनक : मिखाइल त्स्वेत

झाडाचे पान हिरवे, हे शेंबडे पोरही सांगेल. परंतु त्या एका हिरव्यात किती रंग दडलेले असतात, ते वेगवेगळे करून डोळ्यांपुढे मांडले मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने. रशियन भाषेत त्स्वेत म्हणजे रंगच! १९०३ साली वॉर्सा येथील निसर्गाभ्यासकांच्या सभेत त्याने आपली रीत मांडली आणि १९०६ मध्ये तिला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वर्णलेखन, हे नाव दिले.

रीत अशी. काचेच्या बारीक नळीत खडूची पूड ठासून भरावयाची, पानांचा अर्क वरून ओतावयाचा आणि मागोमाग स्वच्छ द्रावक सोडीत राहावयाचे. गिरणी सुटल्यावर कामगार बाजाराच्या गल्लीतून जातात, ते आठवून पाहा. निघतात सारे एकदम. पण जो दुकानादुकानापाशी थबकतो तो मागे पडतो, ज्याला कशाचा मोह नाही तो सरळ घर गाठतो. खडूला घट्ट चिकटणारा पदार्थ तसाच वर रेंगाळतो, द्रावकाची संगत मानणारा खाली उतरतो. कॅरोटीन सर्वांआधी निघून जाते. निळसर हिरवे हरितद्रव्य मागे राहते आणि पिवळसर हिरवे त्याच्याही वर. उष्णता नको, तीव्र अम्ल नको.

इतकी सोपी रीत, तरी ती पाव शतक जवळजवळ पडूनच राहिली. त्स्वेत रसायनशास्त्रज्ञांच्या पंगतीतला नव्हे. त्याची जिनीव्हाची डॉक्टरेट रशियात चालेना, म्हणून पदव्या नव्याने मिळवाव्या लागल्या. विल्श्टेटर हे त्या विषयातील मोठे नाव, १९१५ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. पुडीच्या संसर्गाने हरितद्रव्य बिघडते, असा त्यांचा आक्षेप होता. वरच्याने मान हलविली की खालच्यांनी करूनही पाहू नये, हा रोग काही कारखान्यांतच आहे असे नव्हे. महायुद्धात त्स्वेतचे वॉर्सा सुटले, बिऱ्हाड गावोगाव हिंडले, आणि १९१९ साली व्होरोनेझ येथे वयाच्या ४७ व्या वर्षी तो वारला.

गंमत अशी की, त्याच्या १९१० च्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर विल्श्टेटरांपाशीच होते. ते हायडेलबर्गला कून यांच्याकडे आले, लेडरर या तरुण सहकाऱ्याने वाचले, आणि १९३१ मध्ये त्याच रीतीने एकजिनसी समजल्या जाणाऱ्या कॅरोटीनचे दोन प्रकार वेगळे निघाले.

पुढे लीड्सच्या लोकर-संशोधन संस्थेत मार्टिन आणि सिंज यांनी लोकरीतील ॲमिनो अम्लांसाठी १९४१ साली तीच रीत नव्या तत्त्वावर उभी केली. १९४४ मध्ये नळीच्या जागी साधा गाळणकागद आला. १९५२ चे नोबेल त्या दोघांना मिळाले. आज औषधाची शुद्धता तपासताना नळी पोलादाची असते आणि द्रावक पंपाने ढकलतात.