दक्षिणेश्वरचें कालीमंदिर

कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळीच्या पूर्वतीरावर, दक्षिणेश्वर येथें भवतारिणी कालीचें मंदिर आहे. राणी रासमणि या कैवर्त जातीच्या धनाढ्य विधवेनें १८४७ सालीं त्याचें काम आरंभिलें व तें १८५५ सालीं पूर्ण झालें. वंगदेशाच्या गाळाच्या भूमींत दगड दुर्मिळ. म्हणून तेथील बहुतेक देवळांप्रमाणें हेंहि विटांचें आहे. त्याचे वांकदार छज्जे बांबूच्या झोंपडीच्या छपरावरून घेतलेले आहेत. वरच्या दोन टप्प्यांवर चार-चार व माथ्यावर एक अशीं नऊ शिखरें असल्यामुळें या घडणीस ‘नवरत्न’ म्हणतात. नदीकांठीं घाटाच्या दोहों बाजूंस सहा-सहा शिवालयें आहेत.

एवढें उभारूनहि देवीस शिजविलेल्या अन्नाचा नैवेद्य दाखविण्यास पंडित संमति देईनात. कारण मंदिराची स्वामिनी शूद्र मानली जाई. अखेर रामकुमार चट्टोपाध्याय यांनीं तोड सुचविली : मंदिर ब्राह्मणास दान केल्यास दोष उरत नाहीं. राणीनें तसें केलें आणि ३१ मे १८५५ रोजीं देवीची प्रतिष्ठा झाली.

रामकुमार तेथील पुजारी झाले. त्यांचे धाकटे बंधु गदाधर आरंभीं त्या मंदिरांतील अन्न सेवन करीत नसत. पुढें मात्र देवीची पूजा त्यांच्याकडेच आली. तेच श्रीरामकृष्ण परमहंस. ज्या देवळाचा नैवेद्य पंडितांनीं नाकारला, त्याचाच प्रसाद घेण्यास आज सर्व जातींचे यात्रेकरू येतात.