नोव्हेंबरमधील जुनें गोवें

पणजीहून मांडवीच्या कांठाकांठानें पूर्वेस सुमारें दहा किलोमीटर गेलें कीं जुनें गोवें लागतें. (जुवारीच्या तीरावरील गोवा वेल्हा, म्हणजे कदंबांचें गोपकपट्टण, हें निराळें, नांवांच्या सारखेपणामुळें पुष्कळांचा येथें घोटाळा होतो.) २४ नोव्हेंबरपासून संत फ्रान्सिस झेवियरची नवदिवसांची प्रार्थना सुरू होते व ३ डिसेंबरला फेस्त भरतें, म्हणून यात्रेकरूंची रीघ लागते ती याच सुमारास. पण नोव्हेंबर महिना या शहराच्या वांट्यास केवळ फेस्तामुळें आलेला नाहीं. त्याचें दैव ज्या दिवशीं पालटलें, किंवा पालटतां पालटतां राहिलें, ते दिवस पाहूं गेल्यास ते वारंवार याच महिन्यांत सांपडतात. आणि याचें कारण पंचांगांत नसून मांडवीच्या मुखाशीं आहे.

नैऋत्येचा वारा सुरू झाला कीं मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत या मुखांतून शिडाचें जहाज आंत येऊं शकत नसे कीं बाहेर जाऊं शकत नसे. लाटा, वाळूचे दांडे आणि समोरून येणारा वारा यांनीं बंदराचें दार जणू कडी घालून बंद होई. सप्टेंबरांत तें किलकिलें होई. नोव्हेंबर उजाडला म्हणजे समुद्र निवळलेला असे आणि घाटावरच्या चिखलाच्या वाटाही सुकलेल्या असत. तेव्हां समुद्रावरून येणारा शत्रु काय किंवा घाट उतरून येणारा काय, दोघांनाही हाच महिना सोयीचा.

आफोन्सो द अल्बुकेर्क याला हा धडा फार कष्टानें मिळाला. होनावरच्या तिमय्याच्या सल्ल्यानें त्यानें १५१० च्या आरंभीं हें आदिलशाही बंदर जवळजवळ लढाईवांचून घेतलें. परंतु मे महिन्यांत आदिलशाही फौज येऊन थडकली आणि त्याला शहर सोडून जहाजांवर जावें लागलें. जहाजांवर गेला खरा, पण बाहेर कसा पडणार? पावसाळा लागलेला, मुख बंद झालेलें. दोन्ही तीरांवर शत्रूच्या तोफा, मध्यें नदींत अडकलेलें आरमार, पोटांत अन्न नाहीं, अशा स्थितींत ऑगस्टपर्यंत ते लोक कुजत पडले. पुढें मुख उघडलें तेव्हां तो निसटला, नवी जहाजें जमवून परत आला आणि २५ नोव्हेंबर रोजीं, संत कातारीनेच्या दिवशीं, त्यानें शहर पुन्हां जिंकलें. त्यानंतर तेथील मुसलमान रहिवाशांची जी कत्तल झाली, तिचें वर्णन त्यानें आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रांत स्वतःच केलें आहे, आणि त्यांत पश्चात्तापाचा सूर मुळींच नाहीं. आजचें प्रचंड से कॅथेड्रल त्याच संत कातारीनेला वाहिलेलें आहे. त्याचें काम १५६२ मध्यें सुरू झालें व इमारत १६१९ मध्यें पुरी झाली. प्रवाशानें त्याच्या दाराशीं उभें राहतांना तें कोणत्या दिवसाचें स्मारक आहे हें विसरूं नये.

पुढील शंभर वर्षें या शहराच्या ऐश्वर्याचीं. लिस्बनहून मार्च-एप्रिलांत निघालेलीं जहाजें सप्टेंबर-ऑक्टोबरांत येथें पोंचत आणि माल भरून डिसेंबर-जानेवारींत परत फिरत. म्हणजे नोव्हेंबर हा ऐन बाजाराचा महिना. होर्मुझहून अरबी घोडे येत. 'रुआ दिरेता' नांवाच्या सरळ रस्त्यावर रोज सकाळीं लिलांव चाले. १५८३ ते १५८८ या काळांत येथें राहिलेल्या लिन्स्होटेन या डच माणसानें त्याचें तपशीलवार वर्णन लिहून ठेवलें आहे. मालाबरोबर तेथें गुलामांचाही लिलांव होई. नवा व्हाइसरॉय नदीवरच्या कमानीखालून शहरांत प्रवेश करी. ही कमान १५९९ मध्यें वास्को द गामाच्या पणतूनें उभारली व नदीकडच्या अंगास आपल्या पणजोबाचा पुतळा बसविला. आज दिसते ती मात्र १९५४ मध्यें पुन्हां बांधलेली आहे.

याच शहरांत १५५६ मध्यें हिंदुस्थानांतील पहिला छापखाना आला, आणि १५६३ मध्यें गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ येथेंच छापून निघाला. त्या ग्रंथांत पटकीला त्यानें जो शब्द वापरला आहे, तो आपल्याकडचा 'मोडशी' हाच होय. पोर्तुगीजांच्या तोंडीं त्याचें 'मोर्देशीं' झालें, आणि पुढें फ्रेंचांनीं त्याचें 'मोर द शियां', म्हणजे 'कुत्र्याचें मरण', असें भयंकर रूपांतर करून टाकलें. शब्दांचेही असे प्रवास असतात. ओर्ता मूळचा ज्यू कुळांतला. १५६० मध्यें येथें इन्क्विझिशनची स्थापना झाली. तिची मागणी करणारें पत्र झेवियरनें १५४६ मध्येंच राजाला लिहिलें होतें. ओर्ता स्वतः १५६८ मध्यें मरण पावला म्हणून वांचला. त्याच्या बहिणीला १५६९ मध्यें जिवंत जाळण्यांत आलें आणि १५८० मध्यें खुद्द त्याचीं हाडें उकरून जाळलीं गेलीं. हें न्यायालय ज्या वाड्यांत भरे, तो मूळचा आदिलशहाचा वाडा. आज कॅथेड्रलजवळच्या त्या जागेवर पाहण्यासारखें कांहींही उरलेलें नाहीं, आणि पुष्कळसे यात्रेकरू त्या मोकळ्या जमिनीवरून तसेच पुढें जातात.

ज्या मोडशीला ओर्तानें ग्रंथांत स्थान दिलें, तिनेंच पुढें शहर खाल्लें. जांभ्याची सच्छिद्र भूमि, दाट वस्ती आणि शौचकूपांचें पाणी विहिरींत झिरपणें, यामुळें साथीमागून साथी आल्या. नदीचें पात्रही गाळानें भरत चाललें. डच आरमारानें व्यापार तोडला, तो घाव निराळाच. १७७५ च्या सुमारास येथें सुमारें सोळाशेंच माणसें उरलीं होतीं. व्हाइसरॉय १७५९ मध्यें पणजीच्या वाड्यांत राहावयास गेला आणि १८४३ मध्यें पणजी ही कायद्यानेंही राजधानी ठरली.

या उतरत्या काळांतच महाराष्ट्राचा संबंध आला, आणि तोही नोव्हेंबरांतच. १६८३ मध्यें व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. संभाजीराजांनीं तो उधळून लावला. २४ नोव्हेंबरच्या रात्रीं मराठ्यांनीं शहराच्या अगदीं जवळचें जुवें बेट व त्यावरील किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशीं, म्हणजे बरोबर संत कातारीनेच्या दिवशीं, तें परत घेण्यास गेलेल्या व्हाइसरॉयची फौज मोडली आणि तो कसाबसा जीव वांचवून परतला. मध्यें फक्त पाणी उरलें होतें. तेव्हां व्हाइसरॉयनें बॉं जेझुसच्या चर्चमध्यें जाऊन झेवियरची शवपेटी उघडविली व आपला राजदंड तिच्यापुढें ठेवून राज्य संताच्या हवालीं केलें. थोड्याच आठवड्यांत शाहआलमची मोगल फौज रामघाटाच्या बाजूनें उतरूं लागली आणि संभाजीराजांना मागें फिरावें लागलें. श्रद्धाळूंनीं याचें श्रेय संताला दिलें. इतिहासाला तें औरंगजेबाच्या खात्यावर मांडावें लागतें. त्या धास्तीनें राजधानी मुरगांवास हलविण्याचें काम सुरू झालें, पण तें पुरें झालें नाहीं.

तेंच बॉं जेझुस चर्च आज यात्रेचें केंद्र आहे. सिंधुदुर्ग आणि बेळगांवकडून लोक पायीं येतात, बाहेर खाजें विकणाऱ्यांच्या रांगा लागतात, आणि त्या गर्दींत हिंदूही पुष्कळ असतात. दर दहा वर्षांनीं शवदर्शन असतें. मागचें २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळांत झालें. या चर्चच्या तांबूस भिंती पाहून 'केवढें हें प्राचीन रूप' असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु मूळ चर्चला पांढरा गिलावा होता. तो विसाव्या शतकाच्या मध्यास खरवडून काढला, आणि तेव्हांपासून उघडा जांभा पावसांत झिजत आहे. जवळच्या टेकडीवर संत ऑगस्टीनच्या चर्चचा भग्न मनोरा उभा आहे. १८३५ मध्यें तें चर्च ओस पडलें, १८४२ मध्यें छत कोसळलें, १९३१ मध्यें दर्शनी भाग पडला. याची घंटा पणजीच्या चर्चमध्यें आजही वाजते.

ज्याच्यापाशीं अर्धा दिवस अधिक असेल त्यानें कमानीपलीकडच्या धक्क्यावरून तर ओलांडून दिवाडीस जावें. बांध, खाजण-शेतें आणि त्यांत उभे असलेले बगळे, असें हें शांत बेट आहे. कदंबांचें कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळ येथलें. पोर्तुगीजांनीं तें देऊळ मोडल्यावर भक्तांनीं लिंग नदीपार, त्या वेळच्या पोर्तुगीज हद्दीबाहेर, डिचोली महालांत नेलें. दिवाडीच्या दुसऱ्या टोंकाहून आणखी एक तर घेतली कीं तें नार्वें गांव येतें. तेथील देवळाच्या दारावर एक छोटा शिलालेख आहे: शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, श्री शिवराजांनीं देवालयाचा आरंभ केला. इंग्रजी सन १६६८, महिना नोव्हेंबरच. देऊळ आटोपशीर आहे. त्याच्या घुमटाला कदंबांपेक्षां त्या काळच्या गोव्याचें वळण अधिक आहे. परतीची तर अंधार पडण्यापूर्वीं गांठावी; नदीवरून येतांना कॅथेड्रलचा एकुलता बुरूज तेवढ्या वेळांत स्पष्ट दिसतो. त्याचा जोडीदार १७७६ मध्यें पडला, तो पुन्हां बांधला गेला नाहीं.