टाकी रिकामी, तरीही नोझल बंद: परभणीच्या पंपावरचे एक जुने कोडे

परभणीहून जिंतूर, गंगाखेड किंवा पाथरीकडे जाणाऱ्या रस्त्यांवरील पंपांवर ऊस-कापसाच्या हंगामात एक भांडण अधूनमधून ऐकू येते. ट्रक उभा राहतो, नोझल टाकीत जाते, दोन-चार लिटर डिझेल पडते आणि ‘खट्’ असा आवाज होऊन प्रवाह थांबतो. पुन्हा दाबले की पुन्हा ‘खट्’. पंपावरचा पोरगा म्हणतो, “मामा, टाकी फुल झाली.” चालक काट्याकडे बोट दाखवतो. काटा तळाला असतो. मग मापात पाप असल्याचा आरोप, मागे वाढणारी रांग आणि चढलेले आवाज.

गंमत अशी की, दोघेही खरेच बोलत असतात. नोझलला टाकी भरल्याची खूण मिळालेली असते आणि टाकी खरोखरच रिकामी असते. हे कसे घडते, हे समजण्यासाठी आधी डिझेल बाजूला ठेवून वाऱ्याचा इतिहास पाहावा लागतो. 🧵

‘रिकामी’ टाकी कधीच रिकामी नसते. ती हवेने भरलेली असते. एक लिटर डिझेल आत जायचे, तर एक लिटर हवा बाहेर आली पाहिजे. ही गोष्ट आपल्याकडच्या तेल्यांना कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होती. अरुंद तोंडाच्या बाटलीत नरसाळे घट्ट बसवले की तेल गुटगुट करीत अडते. नरसाळे किंचित उचलले की धार मोकळी होते. युरोपात एव्हान्जेलिस्ता तोरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीचा प्रयोग करून हवेला वजन असल्याचे दाखवले, ते १६४३-४४ मध्ये.

त्याच्याही आधी दख्खनच्या मातीत या ज्ञानाचा मोठा वापर झाला होता. परभणी जिल्ह्यातील पाथरीचा येथे ओझरता उल्लेख करायला हवा. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. त्याच निजामशाहीचा शेवटचा मोठा कर्ता पुरुष म्हणजे मलिक अंबर. त्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले आणि पुढच्या काही वर्षांत त्या शहराला जमिनीखालून पाणी पुरवणारी नहर बांधली. नहर-ए-अंबरीचा भुयारी मार्ग सलग बंद नव्हता. त्याला ठिकठिकाणी वर उघडणारी तोंडे होती. त्यांतून सफाईसाठी माणूस उतरे आणि कोंडलेली हवाही बाहेर पडे.

पुढे नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने पुण्यात शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले. त्या नळावर ठरावीक अंतराने उभारलेल्या दगडी-विटांच्या बांधकामांना लोक ‘उच्छ्वास’ म्हणत. तांत्रिक वस्तूला इतके नेमके नाव क्वचितच मिळते. पाणी पुढे सरकताना नळ श्वास सोडतो, आणि तो सोडू दिला नाही तर पाणी अडते.

ट्रकच्या टाकीलाही असाच एक उच्छ्वास असतो. कुठे तो झाकणातच बसवलेला, कुठे टाकीच्या माथ्यावरून निघालेली बोटभर जाडीची रबरी नळी. गॅरेजात त्याला ‘ब्रीदर’ म्हणतात. तो चोंदला की हवेला बाहेर पडायला एकच दार उरते: ज्या तोंडातून डिझेल आत येत आहे, तेच.

पण तेवढ्याने नोझल का बंद व्हावी? आता तिच्याकडे वळू. सिल्व्हानस बाउसर याने अमेरिकेतील फोर्ट वेन येथे १८८५ मध्ये रॉकेल मोजून देणारा हातपंप विकला. पंपांच्या इतिहासाची सुरुवात साधारणपणे तेथून मोजतात. (शेतावर किंवा कारखान्यावर डिझेल पोहोचवणाऱ्या गाडीला आज ‘बाउझर’ म्हणतात, ते त्याच्याच नावावरून.) त्या पंपांवर टाकी भरली की नाही, हे माणूस डोळ्यांनी पाहत असे. आपोआप थांबणारी नोझल विसाव्या शतकाच्या मध्याच्या आगेमागे रूढ झाली आणि तिने हे काम स्वतःकडे घेतले.

तिच्या तोंडाशी, आतल्या बाजूला, एक बारीक छिद्र असते. डिझेल वेगाने वाहू लागले की नोझलच्या आतील अरुंद जागेत दाब घटतो. जोव्हान्नी बात्तिस्ता वेंतुरी याने १७९७ मध्ये वर्णिलेला हा परिणाम. त्या घटलेल्या दाबामुळे छिद्रातून हवा सतत आत ओढली जाते. टाकीतील डिझेल वर चढून छिद्र झाकू लागले की हवा मिळेनाशी होते, आतला दाब एकदम उतरतो, रबरी पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. वीज नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. आपल्या छिद्रापर्यंत द्रव पोहोचला, एवढेच नोझलला कळते. टाकी किती भरली, याच्याशी तिचा काहीही संबंध नसतो.

आता कोडे सुटते. ब्रीदर चोंदलेला असेल, तर कोंडलेली हवा तोंडातूनच उसळून वर येते आणि सोबत डिझेल व फेस घेऊन येते. तो शिंतोडा छिद्राला लागला की ‘खट्’. डिझेलचा फेस मुळातच जास्त, त्यात ट्रकसाठीच्या नोझलची धार मोठी. म्हणून हा खेळ मोटारीपेक्षा येथे अधिक रंगतो.

परभणीची भूमीही यात आपला वाटा उचलते. येथील काळ्या कापूस-मातीची धूळ पिठासारखी बारीक. पावसाळ्यात तीच चिकट चिखल होते आणि चाकांवरून उडून टाकीच्या माथ्यावर थापली जाते. हंगाम संपल्यावर महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते. बोटभर नळी तिला अगदी सोयीची.

दुसरे कारण मात्र माणसाने निर्माण केलेले आहे. जमशेदपूरला टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ मध्ये ट्रक बनवायला सुरुवात केली, त्या पिढीत डिझेल तुलनेने स्वस्त होते आणि टाकीला पहारा फारसा लागत नसे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त केले; १६ जून २०१७ पासून देशभर रोज दर बदलू लागले. डिझेल महागत गेले तशी रात्री टाकीत नळी घालून ते ओढणाऱ्यांची भीतीही वाढली. त्यावर उपाय म्हणून अनेकांनी टाकीच्या गळ्यात जाळी बसवून घेतली. नळी आत जाऊ नये म्हणून बसवलेली ही जाळी डिझेलचीही वाट अडवते: धार तिच्यावर आपटते, फेस होतो, आणि पुन्हा ‘खट्’.

येथे परभणीची जुनी व्यथा आडवी येते. हा भाग हैदराबाद संस्थानात असताना, १९०० च्या सुमारास, मनमाडहून मीटर गेज रेल्वे आली. मुंबईकडून येणारा माल मनमाडला मोठ्या गाडीतून उतरवून लहान गाडीत चढवावा लागे. रूळ रुंद व्हायला १९९० चे दशक उजाडले. इंधनासाठी मात्र मनमाडशी बांधलेली गाठ सुटली नाही. मनमाडजवळील पानेवाडीच्या डेपोतून टँकरने तीनशेहून अधिक किलोमीटर रस्ता कापून इंधन परभणीत येते आणि वाहतुकीचा भार दरात मिसळतो. राज्यातील सर्वांत महाग इंधनाच्या बातम्यांत परभणीचे नाव वारंवार झळकले ते यामुळेच. मे २०२१ मध्ये येथे साध्या पेट्रोलने शंभरी ओलांडली. अशा गावात नोझल दोनशे रुपयांवर अडली की चालकाला आधी लबाडीचा संशय येतो. तो अडाणीपणाचा नव्हे, अनुभवाचा परिणाम आहे. पण या विशिष्ट खटक्यात बहुतेक वेळा लबाडी नसते.

मग दोष नेमका कोठे आहे, हे ओळखायचे कसे? इतिहासात जसे एकेक साक्षीदार वेगळा तपासतात, तसेच येथे करावे. तीच नोझल दुसऱ्या ट्रकला लावावी; तेथेही अडली, तर दोष नोझलचा, बहुधा छिद्रात कचरा. तोच ट्रक दुसऱ्या नोझलवर न्यावा. तेथेही अडला, तर दोष टाकीचा. नोझल थोडी बाहेर ओढून, किंचित फिरवून, मंद धारेने भरले आणि जमले, तर जाळीवर किंवा फेसावर संशय घ्यावा. मंद धारेनेही जमत नसेल, तर ब्रीदरची नळी टाकीकडून सोडवून पाहावी. नळी सोडताच टाकी बिनतक्रार भरू लागली, तर प्रश्न मिटला. नळी तारेने व हवेने साफ करावी किंवा बदलावी. नळीला कुठे मोड पडली आहे का, तेही पाहावे. चोंदलेला ब्रीदर पुढे आणखी एक दगा देतो: चालत्या गाडीत डिझेल कमी होत जाते, त्या जागी हवा शिरत नाही, आणि चढावर इंजिन उपाशी राहून दम टाकते.

खटका दाबून धरून, ठोकून किंवा काठोकाठ भरून या दुखण्यावर मात करण्याची खोड मात्र महागात पडते. डिझेल तापले की दर अंशामागे हजारात साधारण आठ दशांश भाग फुगते. पहाटे काठोकाठ भरलेली ३०० लिटरची टाकी मे महिन्याच्या उन्हात २० अंशांनी तापली, तर सुमारे पाच लिटर जादा जागा मागते. ती नाही मिळाली, तर डिझेल रस्त्यावर सांडते.

पंपाच्या कोपऱ्यात, भिंतीलगत, डोक्याहून बऱ्याच उंचीवर गेलेल्या बारीक लोखंडी नळ्या उभ्या असतात. गाडी भरणाऱ्यांपैकी फार थोडे त्यांच्याकडे पाहतात. पानेवाडीचा टँकर जमिनीखालच्या टाकीत डिझेल सोडतो, तेव्हा तेथली हवा याच नळ्यांतून बाहेर पडते. त्यांच्या तोंडाला बारीक जाळी असते, ठिणगी आत जाऊ नये म्हणून. आणि तीही अधूनमधून साफ करावी लागते.