नियम नंतर, नकार आधी

10 जुलै 2008 रोजी ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं, तेव्हा तिथे सुमारे 500 ॲप होती. वर्षाला 99 डॉलर भरले की घरी बसून एकट्याने कोड लिहिणाऱ्यालाही बड्या कंपन्यांच्या शेजारी दुकान मांडता येई. विक्रीतले 70 टक्के त्याचे, 30 टक्के ॲपलचे. नवख्याला हा व्यवहार परवडणारा होता. अडचण होती ती मंजुरीची. करारात काही मोघम कलमं होती, पण ॲप कशावरून नाकारलं जाईल याची सविस्तर नियमावली सप्टेंबर 2010 पर्यंत प्रसिद्धच झाली नाही. पहिल्या दोन वर्षांत एकांड्या डेव्हलपरचं खरं नुकसान तपासणीच्या कडकपणापेक्षा या मौनाने केलं, असं मला वाटतं.

मे 2009 मधलं ‘यूकॅलिप्टस’ घ्या. प्रोजेक्ट गटेनबर्गवरची जुनी, स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं फोनवर वाचायचं हे ॲप. त्यातून कामसूत्राचा इंग्रजी अनुवाद उतरवून घेता येतो, म्हणून ते नाकारलं गेलं. तोच मजकूर त्याच फोनच्या सफारी ब्राउझरमध्ये सहज उघडत होता! डेव्हलपरने मुकाट्याने ते एक पुस्तक अडवणारी आवृत्ती पाठवली. मग बोभाटा झाला आणि ॲपलने गाळणीशिवायचं ॲप पुन्हा मागवून घेतलं. डिसेंबर 2009 मध्ये व्यंगचित्रकार मार्क फिओरे यांचं ॲप सार्वजनिक व्यक्तींची थट्टा करतं म्हणून परत आलं. एप्रिल 2010 मध्ये त्यांना पुलित्झर मिळालं आणि लगेच दार उघडलं. ज्याला ना पुलित्झर ना बोभाटा, त्याने काय करायचं?

मंजुरी तर झटपट मिळत होती, असं यावर म्हटलं जातं. ऑगस्ट 2009 मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने विचारल्यावर ॲपलने सांगितलं, की 40 हून अधिक तपासनीस आहेत, आठवड्याला सुमारे 8,500 ॲप आणि सुधारित आवृत्त्या येतात, प्रत्येक किमान दोघं पाहतात आणि 95 टक्के 14 दिवसांत मंजूर होतात. हिशेब करा: एका माणसाकडे आठवड्याला सुमारे सव्वाचारशे ॲप, म्हणजे एकेकाला पाच-सहा मिनिटं. एवढ्या घाईत निर्णय तपासनीसागणिक बदलणारच. शिवाय पाचातलं एक ॲप पहिल्या फेरीत अडकत होतं. मोठी कंपनी तेवढ्यात दुसरं काम उरकते. एकट्याचे सगळे महिने त्या एका ॲपमध्येच गेलेले असतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अँड्रॉइड मार्केटने एकदाच 25 डॉलर घेऊन दार सताड उघडं ठेवलं, आणि मार्च 2011 मध्ये ‘ड्रॉइडड्रीम’ हा घातक कोड असलेली पन्नासहून अधिक ॲप काढून टाकावी लागली. 2015 मध्ये गूगलनेही प्रकाशनाआधी माणसांकडून तपासणी होत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा राखणदार हवाच. पण त्याने नियम झाकून ठेवावेत हे त्यातून निघत नाही. ॲपलची 2010 ची नियमावलीही धड नेमकी नव्हती, नवे प्रश्न आले तर नवे नियम येतील असं तिच्यातच नमूद होतं. तरी आता कलमावर बोट ठेवून दुरुस्ती करता येऊ लागली, अपिलासाठी मंडळही आलं. वृत्तपत्रांकडे धाव घेऊन काही उपयोग होत नाही, अशी तंबीही त्याच कागदात होती. फिओरे यांच्या ॲपला मंजुरी मिळून तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते.